दिवसा टॅली, रात्री गेम: गाळ्यासाठी एकच लॅपटॉप घ्यायचा तर

(पॉडकास्टच्या या भागाचा लिखित मजकूर. बोलताना झालेली पुनरुक्ती तेवढी काढली आहे, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा प्रश्न भिवंडी तालुक्यातल्या दापोड्याहून आलाय. प्रश्न पाठवणाऱ्या ताई लिहितात, "आमचा छोटा गाळा आहे. माल येतो, ठेवतो, पुढे पाठवतो. टॅली, ई-वे बिल, बिल्टी, बँक, सगळं मी बघते. जुना लॅपटॉप आता रडतो. मुलगा कॉलेजात आहे, संध्याकाळी लोडिंगच्या नोंदी तोच करतो. तो म्हणतो घेतोच आहोत तर गेम चालेल असा घेऊ. यांचं म्हणणं, गेमिंग लॅपटॉप म्हणजे पैसे उडवणं. सत्तर हजारांच्या वर जायचं नाही. काय घ्यावं?"

एका घरातली तीन माणसं आणि एकच मशीन. खरं सांगायचं तर तिघांचंही म्हणणं आपापल्या जागी बरोबर आहे. म्हणून आज नुसती मॉडेलची यादी वाचून दाखवत नाही. यादी महिन्याभरात शिळी होते. निवडायचं कसं ते बोलू.

आधी काम काय आहे ते बघू

दापोडे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ठाण्याहून नाशिक हायवेनं निघालात की माणकोली नाका लागतो, तिथून आत अंजूरफाट्याच्या बाजूला दापोडे, वळ, पूर्णा, काल्हेर, राहनाळ हा सगळा गोडाऊनचा पट्टा. मुंबईत जकात होती तेव्हा हद्दीबाहेर माल उतरवून ठेवायला ही जागा सोयीची होती. न्हावा-शेव्याचं बंदर, नाशिक हायवे आणि मुंबई, तिन्हीकडे जाता येतं. पुढे जकात गेली, १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, तरी गोडाऊनं वाढतच गेली. मोठ्या ऑनलाइन कंपन्यांच्या शेडच्या शेजारी अजूनही हजार-दोन हजार फुटांचे गाळे आहेत, आणि त्या गाळ्यात एक टेबल, एक प्रिंटर, एक लॅपटॉप असतो.

त्या लॅपटॉपवर चालतं काय? टॅली, एक्सेल, ब्राउझरमध्ये ई-वे बिलाचं पोर्टल, जीएसटीचं पोर्टल, व्हॉट्सॲप वेब आणि बँक. यातलं एकही काम जड नाही. टॅली तर इतकी हलकी आहे, की पाच वर्षांपूर्वीच्या मशीनवरही सुरळीत पळते. जुना लॅपटॉप "रडतो" तेव्हा दोष बहुतेक वेळा आतल्या फिरत्या हार्ड डिस्कचा, नाहीतर ४ जीबी रॅमचा असतो.

म्हणजे धंद्यासाठी वेग लागतो तो बेताचाच. धंद्याला लागतं ते मशीन बंद न पडणं. महाराष्ट्राच्या आत एक लाखाच्या वर आणि राज्याबाहेर पन्नास हजारांच्या वर माल गेला की ई-वे बिल लागतं. बिल निघेपर्यंत गाडी गाळ्यासमोर उभी. ड्रायव्हर खाली उतरून चहाला जातो, मागची गाडी हॉर्न मारते, माथाडी बसून राहतात. लॅपटॉप घेताना हे चित्र डोळ्यासमोर ठेवा, मग निम्मे निर्णय आपोआप होतात.

मग गेमला काय लागतं?

इथं मुलाला विचारा, "कुठला गेम?" उत्तराप्रमाणे खर्च बदलतो.

व्हॅलोरंटसारखे गेम साध्या, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या ग्राफिक्सवरही चालतात. फक्त रॅम १६ जीबी हवी आणि ती ८-८ च्या दोन पट्ट्यांत हवी. आतल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅममधूनच उसनी घेतं. एकाच पट्टीवर ते गुदमरतं, दोन पट्ट्यांवर मोकळा श्वास घेतं.

जीटीए फाइव्ह, क्रिकेटचे नवे गेम, फुटबॉल, हे रविवारी दोन तास नीट खेळायचे असतील तर वेगळं ग्राफिक्स कार्ड घ्या. सत्तर हजारांच्या आसपास एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०५० दिसेल, सेलमध्ये नशिबानं ४०५०. ३०५० घेताना ४ जीबीचं नको, ६ जीबीचं बघा.

आणि मुलाच्या डोक्यात बीजीएमआय असेल तर तो फोनवरचाच गेम आहे. त्यासाठी लॅपटॉपवर एक रुपया जास्त घालू नका.

आता एक गोष्ट दुकानदार स्वतःहून सांगत नाही. तेच ४०५० कार्ड एका लॅपटॉपमध्ये ३५ वॅटवर चालतं, दुसऱ्यात ११५ वॅटपर्यंत. नाव एकच, ताकद वेगळी. बुलेटचं इंजिन आणि पेट्रोलचा पाइप मोपेडचा, असा प्रकार. कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलच्या माहितीत 'टीजीपी' शोधा. आकडा दिलेलाच नसेल तर विचारून घ्या.

स्टिकर वाचायला शिका

प्रोसेसरच्या नावांत भलता गोंधळ आहे. इंटेलमध्ये शेवटचं अक्षर बघा. 'यू' म्हणजे कमी वीज खाणारा आणि बॅटरी वाचवणारा, 'एच' म्हणजे जोर असलेला. नुसतं "आय७ आहे" यावर भाळू नका. जुन्या पिढीचा आय७ यू नव्या आय५ एचपुढे मागे पडतो.

एएमडीच्या सात हजारी रायझनमध्ये तिसरा आकडा बघा. ७५२० मध्ये तिसरा आकडा २, म्हणजे आतली रचना झेन २, बरीच जुनी. ७५३५ मध्ये ३, म्हणजे झेन ३ च्या घरातली. ७६४० मध्ये ४, म्हणजे झेन ४. बाहेरून तिन्ही "रायझन ५ सात हजार सिरीज" म्हणूनच विकले जातात. या तिसऱ्या आकड्यावर पैसे वसूल होतात किंवा बुडतात.

रॅम १६ जीबी. ८ जीबीवर आज काम भागेल, दोन वर्षांनी भागणार नाही. पण ८ जीबी पट्टी आणि एक रिकामा स्लॉट असेल तर चालेल, नंतर घालता येते. रॅम बोर्डवर चिकटवलेली, म्हणजे सोल्डर केलेली असेल तर मात्र आज जे घेतलं तेच शेवटपर्यंत. एक इशारा देतो: २०२५ च्या शेवटापासून जगभर रॅमचे भाव चढलेत, तेव्हा "नंतर स्वस्तात टाकू" हा हिशोब धरू नका.

एसएसडी ५१२ जीबी. टॅलीचा सगळा डेटा त्यात एका कोपऱ्यात मावेल, पण एक मोठा गेम शंभर जीबीच्या पुढे जातो. त्यामुळे दुसऱ्या एसएसडीचा स्लॉट असला तर उत्तम.

विंडोज ११ असलेलंच मशीन घ्या. विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ओळखीतला कोणी जुनं मशीन स्वस्तात देत असेल तर आधी हेच तपासा. इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाहीत. मॅकबुक चांगली वस्तू आहे, पण टॅली, डिजिटल सहीचं यूएसबी टोकन आणि गेम, तिन्ही बाबतींत विंडोजवर डोकेदुखी कमी.

गाळ्यात बसून बघा, मग ठरवा

आता ज्या गोष्टी यूट्यूबवरच्या रिव्ह्यूत येत नाहीत त्या सांगतो.

पहिली, नंबरपॅड. टॅली कीबोर्डवर चालते. दिवसाला साठ-सत्तर एंट्री करणाऱ्या बाईला उजव्या हाताला आकड्यांचा पॅड नसला तर संध्याकाळी मनगट दुखतं. त्यासाठी साडेपंधरा इंची मशीन. आणि एफ५ पेमेंट, एफ६ रिसीट, एफ८ सेल्स, एफ९ पर्चेस, ही बटणं दाबल्यावर आवाज किंवा स्क्रीनचा उजेड बदलत असेल तर 'एफएन लॉक' करता येतो का ते दुकानातच करून बघा.

दुसरी, पोर्ट. बिल्टीचा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, लेबलचा थर्मल प्रिंटर, बारकोड स्कॅनर, सहीचं टोकन. या सगळ्यांना जुनं, मोठं यूएसबी लागतं. असे तीन पोर्ट तरी असावेत. लॅन पोर्टही असला तर बरं, पत्र्याच्या शेडमध्ये वायफाय मधेच दगा देतं. गेमिंग लॅपटॉप जाड असतात, त्यामुळे हे सगळं त्यांत सहसा मिळतं. इथं मुलाची बाजू आपोआप भक्कम होते.

तिसरी, स्क्रीन. स्वस्त गेमिंग लॅपटॉपमध्ये कंपन्या पैसे वाचवतात ते इथंच. २५० निट्सची फिकी स्क्रीन शटर उघडं असलेल्या गाळ्यात दुपारी दिसत नाही. निदान ३०० निट्स, आणि चकचकीत नको, मॅट हवी.

चौथी, धूळ. भिवंडीची धूळ साधी नाही. रस्त्याची माती, पुठ्ठ्याचा भुसा आणि आसपास यंत्रमाग असतील तर कापसाची तूस. गेमिंग लॅपटॉपचे पंखे खालून हवा ओढतात, ही तूस जाळीत नमद्यासारखी बसते. मग मशीन तापतं आणि स्वतःला वाचवायला वेग कमी करतं. आपण म्हणतो "लॅपटॉप जुना झाला". तो जुना झालेला नसतो, गुदमरलेला असतो. दर सहा महिन्यांनी उघडून साफ करून घ्या, लॅपटॉप कापडावर किंवा गोणीवर ठेवू नका, आणि गेम घरी खेळायचा, गाळ्यात नाही.

पाचवी, पाऊस. २६ जुलै २००५ आठवणाऱ्यांना सांगायला नको, पण सखल भागातल्या गाळ्यात दरवर्षी थोडंफार पाणी शिरतं. चार्जर आणि एक्स्टेन्शन बोर्ड जमिनीवर नको, टेबलाच्या पायाला वर बांधा.

सहावी, वजन. गेमिंग लॅपटॉप सव्वादोन-अडीच किलो, वर विटेएवढा चार्जर. रोज स्कूटरवरून ने-आण होणार असेल तर पाठीवरची चांगली बॅग घ्या. एसएसडीला खड्ड्याच्या धक्क्याचं काही वाटत नाही, पण बिजागरीला आणि स्क्रीनला वाटतं.

आणि बॅटरी. लाइट गेली तर लॅपटॉप चालू राहतो, पण राउटर बंद पडतो आणि ई-वे बिल अडकतं. राउटरसाठीचा छोटा यूपीएस हजार-दीड हजारात येतो, तो घ्याच. लॅपटॉप दिवसभर चार्जरलाच राहणार असेल तर कंपनीच्या ॲपमधून चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवा.

पैशांचा हिशोब

सत्तर हजारांचं गणित सरळ मांडू. लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी आहे. ६०,००० ची वस्तू, १०,८०० कर, एकूण ७०,८००. बिल धंद्याच्या नावानं आणि जीएसटी नंबर घालून घेतलं तर धंद्याच्या वापरापुरता कर परत वळता करून घेता येतो. ऑनलाइन घेताना नंबर ऑर्डर देण्याआधीच टाकायचा, आणि नंतर आपल्या जीएसटीआर-२बी मध्ये ते बिल दिसतंय ना ते बघायचं.

पण थांबा. सगळ्यांना हे मिळत नाही. कंपोझिशन योजनेत असाल तर नाही. ट्रान्सपोर्टचं काम ५ टक्के दरानं करत असाल तर त्या कामासाठीही नाही. दापोड्यात दोन्ही प्रकारचे लोक बरेच आहेत, म्हणून मुद्दाम सांगतो. तुमच्यासाठी सत्तर हजार म्हणजे पूर्ण सत्तर हजारच.

इन्कम टॅक्समध्ये कॉम्प्युटरवर वर्षाला ४० टक्के घसारा मिळतो. जीएसटी वळता केला असेल तर तो ६०,००० वरच धरायचा, म्हणजे पहिल्या वर्षी २४,०००. वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर निम्मा, १२,०००. बहुतेक वर्षी दिवाळीची खरेदी या निम्म्यातच मोडते. अंदाजित उत्पन्नाच्या योजनेत कर भरत असाल तर वेगळा घसारा नाही. आणि मुलगा गेम खेळणार तो वापर धंद्याचा नव्हे, तो भाग किती धरायचा हे सीएंना विचारा.

वॉरंटी: पिन कोड टाकून बघा

कंपनी म्हणते "ऑनसाइट", म्हणजे माणूस आपल्याकडे येणार. पण कुठे? घेण्याआधी कंपनीच्या साइटवर ४२१३०२ टाका आणि बघा, की फोन करून विचारा. 'कॅरी-इन' असेल तर मशीन घेऊन तुम्हालाच ठाण्याला जावं लागेल. दोन-तीन हजार जास्त देऊन तीन वर्षांची ऑनसाइट मिळत असेल तर ते पैसे ग्राफिक्स कार्डाच्या वरच्या मॉडेलपेक्षा इथं लावा.

खरेदी कुठून? ग्रँट रोडच्या लॅमिंग्टन रोडला अजून दर चांगला मिळतो, पण सील आणि सिरीयल नंबर बिलाशी ताडून बघा. ऑनलाइन सेलमध्ये एकाच नावाखाली पाच मॉडेलं असतात. शेवटची अक्षरं आणि आकडे लिहून घ्या, तेच मागा.

खरी भीती कुठली

आता यांच्या म्हणण्याकडे येतो. "गेम म्हणजे पैसे उडवणं." माझ्या मते गेममुळे पैसे उडत नाहीत. फुकटच्या गेममुळे उडतात.

२७ जून २०१७ ला काय झालं आठवतं? नोटपेट्या नावाचा व्हायरस जगभर पसरला आणि आपल्या न्हावा-शेव्यातलं मर्स्क समूहाचं टर्मिनल, गेटवे टर्मिनल्स इंडिया, त्याच्या तडाख्यात सापडलं. क्रेन धड होत्या, कंटेनर होते, माणसं होती. कॉम्प्युटर बंद म्हणून काम अडलं. तो व्हायरस शिरला होता युक्रेनमधल्या एका हिशोबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. एवढ्या मोठ्या कंपनीला जे चुकलं नाही, ते आपल्या एका टेबलाच्या ऑफिसला कसं चुकेल?

आपल्याकडे दार उघडतं ते क्रॅकमुळे. दोन-तीन हजारांचा गेम फुकट मिळतो, आणि तो बसवताना सूचना येते, "अँटिव्हायरस बंद करा." तिथंच खेळ संपला. त्याच मशीनवर बँकेचा पासवर्ड, डिजिटल सही आणि सहा वर्षांची टॅली. हे मुलांनाच लागू आहे असं नाही. क्रॅक केलेली टॅली वापरणारे काका-मामा त्याच बोटीत बसलेत.

त्यामुळे एकच मशीन घ्यायचं तर घरात चार नियम ठरवा.

एक, विंडोजमध्ये तीन खाती करा. एक ॲडमिन, एक गाळ्याचं, एक मुलाचं. रोजचं काम आणि गेम दोन्ही साध्या खात्यातून. नवीन काही बसवायचं असेल तर ॲडमिनचा पासवर्ड लागेल, तो ताईंकडे.

दोन, टॅलीचा डेटा कुठल्या फोल्डरमध्ये आहे ते बघा. तो बऱ्याचदा विंडोजच्या 'पब्लिक' फोल्डरमध्ये असतो, म्हणजे कुठल्याही खात्यातून उघडतो. जाणकाराकडून तो गाळ्याच्या खात्यात हलवून घ्या.

तीन, गेम विकत किंवा अधिकृत फुकट. स्टीमवर सेल लागतो तेव्हा जुने चांगले गेम काही शे रुपयांत मिळतात. वाढदिवसाला तेच द्या. व्हॅलोरंट अधिकृतच फुकट आहे. फक्त त्याचा चोरी पकडणारा प्रोग्रॅम मशीन सुरू होताच खोलवर चालू होतो, हे माहीत असू द्या.

चार, बॅकअप. रोज संध्याकाळी टॅलीचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर, आणि मग डिस्क काढून कपाटात. लावून ठेवलेली डिस्क व्हायरस लॅपटॉपबरोबरच खातो. आठवड्यातून एक प्रत क्लाउडवर. जीएसटीच्या नियमानं वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने हिशोब सांभाळावे लागतात. "लॅपटॉप गेला हो" हे उत्तर तिथं चालत नाही.

तर मग काय घ्यायचं?

ताई, मी असं सुचवेन. साडेपंधरा इंची, नंबरपॅडवाला लॅपटॉप. इंटेल आय५ 'एच' किंवा तिसरा आकडा ३ वा ४ असलेला रायझन ५. १६ जीबी रॅम, ५१२ एसएसडी. आरटीएक्स ३०५०, ६ जीबी. ४०५० त्याच पैशांत आलं तर छान, नाही आलं तर त्यामागे धावू नका. ४२१३०२ ला ऑनसाइट वॉरंटी. सत्तरपैकी पाच हजार आधीच बाजूला काढा: बाहेरची डिस्क आणि राउटरचा यूपीएस. म्हणजे लॅपटॉपसाठी पासष्ट. तेवढ्यात हे सगळं बसत नसेल तर आधी एसएसडी कमी करा, मग ग्राफिक्स. रॅम आणि वॉरंटी कमी करू नका.

मुलगा म्हणाला की रोज चार तास खेळायचंय, तर मात्र एकच मशीन नको. पंचवीस-तीस हजारांच्या आसपास रीफर्बिश्ड थिंकपॅड किंवा लॅटिट्यूड गाळ्यासाठी घ्या, आणि उरलेल्यात मुलानं हळूहळू स्वतःचा डेस्कटॉप जुळवावा. धंद्याचं मशीन वेगळं राहिलं की भांडणही राहत नाही.

आणि तो रडणारा जुना लॅपटॉप विकू नका, त्याचे दोन हजारही येणार नाहीत. त्यात एक एसएसडी घाला आणि टॅली व प्रिंटर चालतील असा तयार ठेवा. बँक मात्र त्यावर उघडू नका. नवीन मशीन पाच दिवस दुरुस्तीला गेलं तर जुनं गाळा चालवेल. ई-वे बिल मोबाइल ॲपवरूनही निघतं, ते आजच सुरू करून ठेवा. गाडी समोर उभी असताना शिकायला वेळ नसतो.

तुमच्याकडे दुकान, क्लिनिक, क्लास, काहीही असो, लॅपटॉपचा प्रश्न असेल तर तीन गोष्टी लिहून पाठवा: काम कोणतं, मशीन कोण-कोण वापरणार आणि बजेट किती. पुढच्या भागात यवतमाळच्या एका झेरॉक्सवाल्या दादांचा प्रिंटरचा प्रश्न घेऊ. तोवर बॅकअप घ्या. नमस्कार.